जवळच्याला पंचवीस

सुलाबाईनं भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाण्याचा हात फिरवला आणि पिठाचा पुढचा गोळा परातीत घेतला. घट बसायला पाच दिवस राहिले होते. घरातल्या वाकळा, चादरी काल ओढ्यावर नेऊन धुऊन आणल्या होत्या, आज भांड्यांची पाळी होती. सून समीक्षा फळीवरचे डबे एकेक करून अंगणात नेत होती. सोप्यात बिराप्पानं मोबाइलवर बातम्या लावल्या होत्या, त्याही इतक्या मोठ्यानं की कोंबड्या अंगणाच्या पार पलीकडच्या कडेला जाऊन बसल्या होत्या.

"आगं, च्या हाय का न्हाई आज?"

"एकदा झालाय तुमचा," सुलाबाई चुलीपुढून न हलता म्हणाली.

"तवा उजाडलं नव्हतं. त्यो कालच्यात धरायचा."

समीक्षा तोंडाला पदर लावून हसली. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

दार तर सताड उघडं होतं. गावातलं माणूस कडी वाजवत नाही, बाहेरूनच हाक मारत आत येतं. समीक्षा हात पुसत पुढं गेली. दारात तिशीची एक बाई उभी होती, खांद्याला बॅग, पायात धुळीनं भरलेले बूट.

"बिराप्पा मिलिटरी इथंच राहतात का?"

"इथंच. कोण तुमी?"

"मी अक्षता. औंधच्या नागसेन फोटोवाल्यांची मुलगी."

बिराप्पानं मोबाइल बंद केला. आत चुलीपुढं सुलाबाईचा हात परातीतच थांबला. तव्यावरच्या भाकरीला वास सुटला, कड करपली, तरी तिनं ती उलटली नाही. लग्न होऊन आल्यापासून या घरात तिच्या हातची भाकरी कधी करपली नव्हती. नागसेन फोटोवाला हे नाव मात्र या घरात सत्तावीस वर्षं कुणी घेतलं नव्हतं.

सुलाबाई सतराव्या वर्षी लग्न होऊन या वस्तीवर आली. माहेरही मेंढक्याचंच. दिवाळी झाली की बाप कळप घेऊन खाली कुंडलच्या अंगाला उतरायचा, उसाच्या रानात मेंढ्या खताला बसवायचा आणि पोरंबाळं घोड्यावरच्या बिऱ्हाडासोबत मागून चालायची. बिराप्पानं मात्र साताऱ्याला भरतीत उडी मारली आणि शिपाई झाला. वर्षातून दोनदा त्याची रजा. बाकीचे दिवस सासू, मेंढ्या आणि घर. सुलाबाईची कशाबद्दल तक्रार नव्हती. ती बोलायची कमी, बघायची जास्त.

अठ्ठ्याण्णव साली बिराप्पा बरोबर घट बसायच्या दिवशीच रजेवर आला. ट्रंकेतून त्यानं टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा काढला तेव्हा वस्तीवरची निम्मी माणसं सोप्यात जमली. युनिटमधल्या एका दोस्ताकडून त्यानं तो घेतला होता. वापरलेला, पण ठाकठीक. दोस्तानं नवा रोलही आत भरून दिला होता. गाडी सुटायच्या गडबडीत त्याला जेवढं सांगता आलं तेवढं त्यानं सांगितलं. उरलेलं बिराप्पानं स्वतःच्या डोक्यानं भरून काढलं.

तळहाताहून थोडा मोठा, काळा आणि चंदेरी. भिंगाभोवती मधाच्या पोळ्यासारखी बारीक बारीक घरांची काच. ही काच ऊन मोजते, आत किती उजेड सोडायचा ते कॅमेरा आपलं आपण ठरवतो, याला सेलसुद्धा लागत नाही, असं बिराप्पा सांगत होता आणि म्हातारी माणसं माना डोलवत होती. उजेड कमी पडला तर बघायच्या खिडकीत तांबडी पट्टी वर यायची आणि बटण दबायचंच नाही. फोटो झाला की मागचं दातेरी चाक अंगठ्यानं अडेपर्यंत फिरवायचं. झालं काम.

भिंगाच्या कड्यावर आकडे होते, पंचवीसपासून चारशेपर्यंत. त्यांचाही अर्थ बिराप्पाला ठाऊक होता. दहा वर्षं त्यानं रायफल चालवली होती. रायफलीच्या साइटवरही असेच आकडे असतात. समोरचा जितका लांब तितका आकडा चढवायचा.

"लांबच्याला चारशे, जवळच्याला पंचवीस," तो म्हणाला. "आपल्याला काय डोंगरावरच्या माणसाचा फोटो काढायचा न्हाई. अंगणातल्या अंगणात पंचवीस." त्यानं कडं फिरवून पंचवीसवर आणलं. "आणि ह्या कड्याला माझ्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई."

बटण दाबायला त्यानं एकट्या सुलाबाईला शिकवलं, कारण त्याचा स्वतःचा फोटो काढायला कुणीतरी हवं होतं. अंगणात उभं करून, कवायत घ्यावी तसं. कोपर अंगाला टेकव. श्वास रोख. बटणाला हिसका न्हाई द्यायचा, दाबलंय ते बटणालाबी कळू ने. सुलाबाईनं तसंच केलं. बिराप्पाच्या खांद्यावर त्यांची लेक माया बसली होती, पाच वर्षांची, पुढचा एक दात पडलेला, पोपटी फ्रॉक घातलेला. मागं यमाईचा डोंगर. खिडकीतून सुलाबाईला दोघं एवढीएवढीशी दिसली. तिनं श्वास रोखला आणि दाबलं.

"हालला न्हाई माझा हात," ती म्हणाली.

"बघू की. रोल धुतला की कळंल," बिराप्पा म्हणाला. पण खूश होता.

नवव्या दिवशी खंडेनवमी. पाटावर कुऱ्हाड, विळे, खुरपी, मेंढ्या कातरायची कातर मांडली होती. बिराप्पानं हौसेनं कॅमेराही मधोमध ठेवला. सासूनं सुलाबाईच्या हातात कुंकवाचा करंडा दिला. घरच्या लेकीसुनेनं हत्यारांना कुंकू लावायचं, ही रीत. कुऱ्हाडीला लावलं, कातरीला लावलं. कॅमेऱ्यापाशी येऊन ती जरा थांबली, याचं कपाळ कुठलं म्हणून. मग त्या पोळ्यासारख्या काचेवर तिनं हळद-कुंकवाचं बोट टेकवलं. सगळी हसली. बिराप्पाही हसला.

"आता ह्यो बी आपल्यातला झाला," तो म्हणाला.

त्या दिवशी संध्याकाळी आणि दसऱ्याला त्यानं अजून पाच-सहा फोटो काढले. रजा संपली. रोल संपला नव्हता, म्हणून कॅमेरा तसाच टॉवेलात गुंडाळून त्यानं घरच्या ट्रंकेत ठेवला. पुढच्या खेपेला पुरा करू म्हणाला.

माघात माया तापानं फणफणली आणि तिसऱ्या दिवशी गेली. बिराप्पाला तार पोचून तो येईपर्यंत तिला ओढ्याकाठी पुरून चार दिवस झाले होते. तो आला, ओढ्याकाठी जाऊन बसला, उठून आला आणि कुणाशी न बोलता त्यानं ट्रंक उघडली. कॅमेऱ्यातला रोल काढला आणि औंधला नागसेनकडं दिला. तिथून तो साताऱ्याला जायचा, आठ दिवसांनी धुऊन यायचा. ते आठ दिवस बिराप्पा नीट जेवला नाही. मायाचा दुसरा एकही फोटो नव्हता. ना नामकरणाचा, ना जावळाचा.

आठव्या दिवशी नागसेननं पाकिटातून निगेटिव्हची पट्टी काढून उजेडात धरली. काळीकुट्ट. छापायला काही नाही म्हणून सातारकरांनी परत पाठवलेली.

"रोलनं उजेड लय खाल्लाय," नागसेन म्हणाला. "काचेवर काय बसलं हुतं का? काच झाकली की कॅमेऱ्याला अंधार वाटतोय, मग त्यो उजेड वाढवतोय."

बिराप्पानं पाकीट तिथंच टाकलं. घरी आला तेव्हा सोप्यात मायाच्या दुःखाला आलेली माणसं बसली होती. त्यांच्यापुढं तो उभा राहिला आणि म्हणाला, "पोरगी देवानं नेली. तिचं तोंड मातुर हिनं पुसलं. कुंकू लावून पुसलं."

माणसांनी सुलाबाईकडं बघितलं. तिला ते पटलं होतं. तिनं स्वतःच्या हातानं काचेवर बोट ठेवलं होतं, सगळ्यांनी बघितलं होतं.

तेव्हापासून या घरात खंडेनवमीला सुलाबाई पाटाला हात लावत नाही. आधी सासू लावायची, सासू गेल्यावर धाकटी जाऊ, आता समीक्षा. विळा सुलाबाई चालवते, खुरपं सुलाबाई चालवते, कातरीला धार तीच लावून ठेवते. कुंकू लावताना मात्र ती मागं, उंबऱ्यापाशी. सुरुवातीची काही वर्षं बिराप्पा पाहुण्यांना सांगायचा, "हिचा हात नको बाबा, हिचा हात लय भारी हाय." पाहुणे हसायचे. पुढं सांगायची गरजही उरली नाही. समीक्षा लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच वर्षी तिनं करंडा सासूपुढं धरला होता. सुलाबाईनं तो तिच्याच हातात परत दिला. का, ते समीक्षाला शेजारच्या भामाबाईनं मागाहून सांगितलं.

अक्षता सोप्यात सतरंजीवर टेकली. समीक्षानं पाणी आणून दिलं. वडील गेल्या पावसाळ्यात वारल्याचं, औंधचं दुकान रिकामं करत असल्याचं तिनं सांगितलं. आपण साताऱ्याला जुन्या फोटोंचंच काम करतो, म्हणाली. मग बॅगेतून एक पिवळं पडलेलं पाकीट काढलं. त्यावर नागसेनच्या अक्षरात लिहिलं होतं: बिराप्पा मिलिटरी. दसऱ्याचा रोल. खराब. टाकू नये.

"जास्त उजेड खाल्लेला रोल मरत नाही, काका," ती म्हणाली. "कमी खाल्लेला मरतो. ह्यात सगळं होतं, पण दाट. तेव्हाच्या मशीनला आरपार दिसलं नाही. आता निघतं. रंग पुरते येत नाहीत, चेहरे येतात."

तिनं फोटो सतरंजीवर ठेवले. एकतीस. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीनं आकडा.

सुलाबाई कधी चुलीपुढून उठून दारात आली ते कुणाला कळलं नाही. तिच्या हाताला पीठ तसंच होतं. तिनं वरचा फोटो उचलला नाही, नुसती वाकून बघत राहिली. माया. तिच्या मनात इतकी वर्षं खळी डाव्या गालाला होती. फोटोत ती उजव्या गालाला होती. सत्तावीस वर्षं ती दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडाकडं बघत रडत होती.

बिराप्पानं चष्मा शोधला, लावला, काढला. एक फोटो हातात धरला. मग घसा खाकरून म्हणाला, "कुंकवातनंबी आली म्हणायची पोरगी."

अक्षतानं विचारलं, "कुंकू कसलं?"

समीक्षानं खाली बघितलं. सुलाबाईनंच सांगितलं, दोन-चार वाक्यांत, नवव्या दिवसाचं आणि तिच्या वडलांनी काय विचारलं त्याचं.

अक्षताचा चेहरा उतरला. "पप्पांनी अंदाजानं विचारलं असेल, काकू. त्यांना तरी काय ठाऊक होतं."

"अंदाजच हुता," सुलाबाई म्हणाली. "आमच्या घरात त्यो निकाल झाला."

"पण काकू, तसं नाही वाटत मला." अक्षतानं पाकिटातल्या पट्ट्या बाहेर काढल्या. "मधेच काही काचेवर बसलं असतं तर आधीचे फोटो नीट यायला हवे होते. हे बघा, पहिल्यापासून सारखंच आहे."

सुलाबाईनं हात पदराला पुसले आणि पट्टी मागून घेतली. दाराच्या उजेडात धरली. पहिलं घर काळं. दुसरं काळं. शेवटच्या पट्टीतलं शेवटचंही तेवढंच काळं. ती घाई करत नव्हती. गव्हातले खडे निवडावेत तशी एकेक घर बघत गेली.

"ह्यातला पयला फोटो कंचा?"

अक्षतानं पाठीवरचा आकडा बघून काढून दिला. घटाच्या परडीत माती भरलेली, आणि माया मुठीतलं धान्य तीत टाकत होती. मागं सासूचा हात.

"ह्यो घट बसला त्या दिसाचा," सुलाबाई म्हणाली. "कुंकू मी नवव्या दिशी लावलं." मग बिराप्पाकडं वळून, आवाज न चढवता, "आवं, माझं कुंकू आठ दिस मागं जाऊन बसलं का?"

बिराप्पा हातातल्या फोटोची कड अंगठ्यानं चोळत राहिला.

"समीक्षा, ट्रंकंतनं कॅमेरा आण," सुलाबाई म्हणाली.

"आता कशाला त्यो," बिराप्पा म्हणाला. पण समीक्षा गेली होती.

टॉवेल तोच होता, कडा कुरतडलेला. पोळ्यासारख्या काचेच्या एका कोपऱ्यात वाळून काळसर झालेला कुंकवाचा ठिपका अजून होता, करंगळीच्या नखाएवढा. अक्षतानं कॅमेरा फिरवून बघितला आणि कड्यावर बोट ठेवलं.

"हे पंचवीसवर कुणी ठेवलंय?"

बिराप्पा मान खाली घालून फोटोकडं बघत होता.

"रोल चारशेचा होता, पट्टीच्या कडेला छापलंय बघा. रोलवर जो आकडा असतो तोच इथं लावायचा. त्यावरून कॅमेऱ्याला कळतं, रोलला उजेड किती लागतो. पंचवीस ठेवलं की त्याला वाटतं रोल आळशी आहे, आणि तो उजेड ओतत राहतो. सोळापट. एवढ्याशा ठिपक्यानं इतकं काळं होत नाही."

"लांबच्याला चारशे," सुलाबाई म्हणाली, "जवळच्याला पंचवीस."

अक्षताला त्याचा अर्थ लागला नाही. समीक्षालाही नाही. बिराप्पाला लागला. त्याची मान वर आली.

"रायफलीला तसंच असतंय," तो म्हणाला. "साइट तशीच..." हातातला फोटो त्यानं पालथा घातला, पुन्हा सुलटा केला.

सुलाबाई वाट बघत होती. तिला वाटलं होतं, आता तो काहीतरी बोलेल. नुसतं तिचं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. सोप्यात त्या वेळी माणसं बसली होती, आज नव्हती. तेवढ्यांपुढं बोललेला शब्द आज तिघींपुढं मागं घ्यायचा होता, तेही फक्त एकदा.

"झालं गेलं," बिराप्पा म्हणाला. "सत्तावीस वर्सं झाली. आता काय त्याचं. पोरगी दिसली, ह्येच लय झालं." मग अक्षताकडं वळून, नेहमीच्या आवाजात, "ह्यो खांद्यावरचा मोठा करून मिळंल का? भिंतीला लावायला. ह्यो लय झकास आलाय. बाकीचे वाकडंतिकडं हाईत."

"हो, हा एकच अगदी स्थिर आहे," अक्षता म्हणाली. "तुम्ही त्यात आहात. मग काढला कुणी?"

"कुणीतरी काढला आसंल," बिराप्पा म्हणाला.

समीक्षानं सासूकडं बघितलं. सुलाबाईचा चेहरा जसा रोज असतो तसाच होता. ती आत गेली, करपलेली भाकरी तव्यावरून काढून बाजूला ठेवली, चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं आणि चहाचं आधण ठेवलं. समीक्षा पाठोपाठ आली.

"आत्या, बोला की कायतरी. म्या बोलू का?"

"तू डबं घास जा. उनात वाळाय पाहिजेत," सुलाबाई म्हणाली. मग हातातल्या साखरेच्या डब्याकडं बघत, "इतकी वर्सं मी ओढ्याकडनं जाताना तिची माफी मागायची बग. रोज. भारा डोक्यावर आसला तरी."

समीक्षा डबे घासायला गेली नाही.

चहा झाला. सुलाबाईनं पहिला कप अक्षताला दिला, दुसरा बिराप्पाला. तो फोटो सतरंजीवर एका ओळीत मांडत होता, परेडला उभे करावेत तसे, आणि कुणाला कुठं दाखवायला न्यायचे ते मोठ्यानं ठरवत होता. लेक दिग्विजय शनवारी साताऱ्याहून आला की त्याला दाखवू. बहिणीला मोबाइलवर पाठवू. कॅमेरा त्यानं पुन्हा टॉवेलात गुंडाळायला घेतला होता.

सुलाबाईनं टॉवेल धरला. ओढला नाही, नुसता धरला. बिराप्पानं वर बघितलं. तिला काय काय मागता आलं असतं, ते त्याच्या डोळ्यांत क्षणभर दिसलं, आणि तो सतरंजीकडं बघायला लागला.

"आवं," ती म्हणाली, "यंदा खंडेनवमीला ह्यो पाटावर ठिवा. कुंकू मी लावीन."